दया नाही, पेज आहे

नगरवाली कोणाला काही दिल्याशिवाय दारातून जाऊ द्यायची नाही आणि देताना बोलल्याशिवाय राहायची नाही. हात पुढे आणि तोंड सुरू. "घे. रोज रोज काय गं तुझं? काल दिलं ते कुठं गेलं? आणि वाटी परत आण, मागच्या वेळचं झाकण अजून आलेलं नाही." घेणाऱ्याला कळायचं नाही की घ्यावं की पळावं. ती ख्रिस्ती होती. ख्रिस्ती बायका गोड बोलतात असं मी ऐकून होते. हिच्या वाट्याला तेवढं आलेलं नव्हतं.

तिला नाव होतं, पण ते रेशन कार्डापुरतं. भिलाईत आमच्या ब्लॉकमधली मराठी घरं बहुतेक विदर्भातली, कोणी वर्धेकडचं, कोणी नागपूरकडचं. ती एकटी पार नगर जिल्ह्यातून आलेली, म्हणून नगरवाली. मी भंडाऱ्याची, म्हणून ती मला भंडारेवाली म्हणायची. आमच्या क्वार्टरांना मधली भिंत एकच होती. तिचा नवरा पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा, माझा तिथंच कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. तिच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणायचे. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे मोठं काही लिहिता येणार नाही. पण दया या एका शब्दावरून त्या बाईनं माझ्या डोक्यात जो गोंधळ घालून ठेवला, तो अजून तसाच आहे. तो आहे तसा लिहिते.

पहाटे भिंतीपलीकडून तिची प्रार्थना ऐकू यायची. हळू बोलणं तिला जमत नसे, देवाशीही नाही. "प्रभू, दया कर. माझ्यावर दया कर, ह्यांच्यावर दया कर, पोरीवर दया कर." पोरगी लग्न होऊन नगरकडेच दिलेली होती. आमेन म्हणून झालं की त्याच आवाजात, त्याच दमात, "दूध आहे का पाणी आहे रे हे? तुला लाज आहे का?" दूधवाला नेमका आमेनच्या वेळेला यायचा. मी एकदा विचारलं, "बाई, रोज दया मांगता. भेटते का नाई?"

"मिळते," ती म्हणाली, "पण पुरत नाही."

आमच्या घरी हा शब्द चालत नव्हता. आम्ही बौद्ध. माझा बाप बिड्या वळायचा आणि वळता वळता आम्हाला सांगायचा, "कोनाची दया घेऊ नका. हक्काचं असंल तं भांडून घ्या, नाई तं उपाशी निजा." त्याच्या आजानं वाड्याबाहेर उभं राहून मागून आणलेलं खाल्लं होतं, ते बापाच्या घशात अडकलेलं होतं. म्हणून मी दया म्हटलं की पदर पसरलेली बाईच बघायचे. दुसरं काही मला दिसायचंच नाही.

एका पावसाळ्यात मला मोठा ताप आला. माझे मालक ड्युटीवर, पोरं शाळेत. नगरवाली पेजेचं भांडं घेऊन आली आणि खाटेजवळ ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "घेऊन जा बाई. आमाले कोनाची दया नको."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे बघितलं. "दया नाही गं, पेज आहे. निवतीय. उठ."

मी उठून प्याले. मीठ कमी होतं. तिच्या हाताला मीठ नव्हतंच कधी. पण मी नंतर कितीतरी दिवस विचार करत राहिले, की मी घेतलं ते काय होतं.

विहारात भंतेजींना विचारलं, "तुमी करुना म्हनता अन् हे लोकं दया म्हनते, ते एकच व्हय का?" भंतेजींनी फार छान समजावलं. सगळ्या बायका माना डोलावत होत्या. मी पण डोलावली. घरी येईपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

आता सुकवारोबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे. सुकवारो उतईच्या बाजूच्या गावातून भाजी घेऊन यायची. डोक्यावर टोपली, कमरेला आखूड गुंडाळलेलं लुगडं, हातात जाड पाटल्या. लाल भाजी, चेच भाजी, हिवाळ्यात बोरं. विकून झालं की टोपली डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "जावत हंव दीदी, दया-मया राखे रहिबे."

छत्तीसगढमध्ये निरोप घेताना असंच म्हणतात. येते मी, लोभ असू द्या, एवढाच त्याचा अर्थ. मला ते माहीत होतं, कारण मी आधीपासून तिथं होते. नगरवालीला माहीत नव्हतं. तिनं फक्त दया ऐकलं. बाई दारात उभी राहून रोज दया मागते आहे, आणि आपण सकाळी तोच शब्द देवाकडे मागून उठलो आहोत, तर नाही कसं म्हणायचं? ती आत जायची आणि हाताला लागेल ते आणायची. साबणाचा तुकडा, मूठभर चिंच, दोन कांदे, शिळी चपाती. "घे. रोज मागतेस बाई तू. तुला घरी काही नाही का?"

सुकवारोला मराठी येत नव्हतं. तिला वाटलं, या लोकांत निरोप घेणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नसावेत. मग आपणही रीत पाळली पाहिजे. म्हणून ती दुसऱ्या दिवशी भाजीवर एक मूठ जास्त टाकायची, कधी बोरं, कधी तिवऱ्याच्या शेंगा. नगरवालीला वाटायचं, बाई गरीब आहे पण उपकार ठेवत नाही. अशा त्या दोघी कित्येक वर्षं एकमेकींना देत राहिल्या, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरची मागते आहे.

मला हे कळलं ते सुकवारोकडून. ती एकदा माझ्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली की तुमच्या जातीत फार खर्चाची रीत आहे. मी विचारलं, कोणती? तिनं सांगितलं आणि मी पोट धरून हसले. तिला मी काही सांगितलं नाही, पण भिंतीपलीकडे जाऊन नगरवालीला सांगितलं.

ती पोळपाट घेऊन बसली होती. लाटणं थांबलं. "म्हणजे ती मागत नव्हती?"

"नाई बाई. येतो म्हनून राहिली थे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग ती मला काय समजत असेल गं?"

"मोठ्या घरची समजते."

नगरवाली हसली नाही. पिठाचा हात तसाच ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सुकवारोनं टोपली उचलली आणि नेहमीचं बोलली. मी मुद्दाम माझ्या दारात उभी होते. नगरवाली क्षणभर थांबली, माझ्याकडे रागानं बघितलं, आणि आत जाऊन दोन कांदे घेऊन आली. "आता बंद केलं तर तिला वाटेल माझं काही चुकलं," ती मला नंतर म्हणाली. "तू कशाला सांगितलंस? चांगलं चाललं होतं."

मग तो अपघात झाला.

हिवाळ्याचे दिवस होते. रविवारच्या संध्याकाळी नवराबायको चर्चमधून सायकलवर परत येत होते, ती मागे कॅरिअरवर. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत धानाचा पैरा, म्हणजे पेंढा, भरलेला, वर माणसं बसलेली, ट्रॅक्टरला दिवा नाही. नगरवाली बाजूला फेकली गेली, तिला खरचटलं तेवढंच. भाऊजींचा उजवा पाय चाकाखाली आला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखालून कापला. ट्रॅक्टर चालवणारा सुकवारोचा मुलगा होता, मनबोध. लग्न झालेला, एक लेकरू असलेला. ट्रॅक्टर गावच्या दाऊचा, म्हणजे जमीनदाराचा, आणि दाऊनं सांगून टाकलं की मी त्याला न्यायला सांगितलंच नव्हतं.

पोलीस केस झाली. भाऊजींचा तर पायच गेलेला, त्यांच्याशिवाय बघणारी साक्षीदार एकच, नगरवाली. पैऱ्यावरची माणसं गावाची, ती म्हणाली आम्ही झोपलो होतो. म्हणजे मनबोधचं काय करायचं ते हिच्या तोंडावर होतं. आणि ते तोंड कसं होतं ते मी वर लिहिलंच आहे.

घरी भाऊजी खाटेवर. त्यांचं म्हणणं एकच. "सांग, पिऊन होता. सांग, आम्ही डाव्या बाजूनं नीट चाललो होतो आणि तो अंगावर आला. सडू दे त्याला."

चर्चची माणसं आली. पाद्रीसाहेब भला माणूस, हिंदीत सावकाश बोलायचे. त्यांच्याबरोबर तीन-चार बायका. त्यांनी प्रार्थना केली आणि सांगितलं की क्षमा करा, बहनजी, केस सोडून द्या, दया करणाऱ्यावर दया होते. नगरवालीनं सगळ्यांना चहा दिला आणि विचारलं, "मग कोर्टात क्या बोलूँ? पैर अपने आप टूटा?"

पाद्रीसाहेब म्हणाले, बोलायचंच नाही. काही दिसलं नाही म्हणायचं.

"मतलब झूठ बोलूँ."

एका बाईनं बिस्किट चहात बुडवलं ते तुटून आत पडलं, तेवढाच आवाज.

मी माझं सांगितलं. माझं सरळ होतं. "बाई, हक्काचं व्हय थे. पाय गेला तुमच्या मानसाचा. सांगा अन् मोकळ्या व्हा. दयेच्या भानगडीत पडू नका." ती म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना किती सोपं आहे गं."

सुकवारो बरेच दिवस आली नाही. मग एका दुपारी आली, टोपली नव्हती. नगरवालीच्या फाटकाशी जमिनीवर बसली. नगरवाली आतून आली आणि पायरीवर बसली. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. आतून भाऊजींनी विचारलं, "कोण आहे?" नगरवाली म्हणाली, "कोणी नाही." मग सुकवारो उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "जावत हंव दीदी. दया-मया राखे रहिबे."

आणि नगरवालीला काय करावं कळेना. ती उभी राहिली, आत जायला वळली, थांबली. हात रिकामेच राहिले. सुकवारो गेली. इतक्या वर्षांत ती त्या दारातून रिकाम्या हातानं पहिल्यांदा गेली.

नगरवाली तशीच माझ्याकडे आली. "भंडारेवाले, आज ती मागत होती का नुसतं येते म्हणत होती?"

"मले काय माईत, बाई."

"तूच तर सांगितलं होतंस त्याचा अर्थ."

"तवा निरोपच होता थो."

"आणि आज?"

मी खाली बघून तांदूळ निवडत राहिले. खडा सापडत नव्हता तरी निवडत राहिले.

दुर्गच्या कोर्टात मी तिच्याबरोबर गेले. भाऊजी कुबडी घेऊन माझ्या मालकाच्या आधारानं आले. सुकवारो आणि तिची सून भिंतीजवळ उकिडव्या बसलेल्या, लेकरू सुनेच्या मांडीवर. नगरवालीला उभं केलं. हिंदी तिचं भाजी घेण्यापुरतं, पण आवाज खणखणीत.

सरकारी वकिलानं विचारलं, ट्रॅक्टरला दिवा होता? "नहीं था." चालवणारा समोर बघत होता? "नहीं. पीछे मुंडी करके हँस रहा था." सुकवारोच्या सुनेनं डोळे मिटले. पिऊन होता? नगरवालीनं भाऊजींकडे बघितलं. "नहीं. इनको उसीने उठाया. उसका मुँह मेरे मुँह के पास था. बास नहीं था. वो रो रहा था."

मग मनबोधचा वकील उठला. सायकल रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती?

भाऊजी कुबडीकडे बघायला लागले.

"उलटे बाजू से थे, साब," ती म्हणाली. "इधर गड्ढे हैं, इसलिए हमेशा उलटे बाजू से आते हैं. मैंने कितने बार बोला इनको."

कोणीतरी हसलं. सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. मला तर काहीच कळेना. एवढं सगळं खरं सांगून ठेवलं की आता ना त्या पोट्ट्याचं भलं झालं, ना नवऱ्याचं. दोघांनाही लागेल असं बोलली. ही दया म्हणावी की हिला बोलण्याची हौस म्हणावी?

निकाल लागायला आणखी तारखा गेल्या. मनबोधला काही महिन्यांचा तुरुंग झाला. पिऊन असता तर जास्त झाला असता, म्हणाले. सुकवारो कोर्टाच्या पायरीवर बसली ती सुनेनं उठवल्यावर उठली. जाताना तिनं आमच्याकडे बघितलं नाही आणि नेहमीचं बोललीही नाही.

भाऊजींनी बायकोशी बोलणं टाकलं. जे सांगायचं ते भिंतीला सांगायचे. "या घरात कोणाला वाटत असेल तर पाणी द्यावं." ती पाणी द्यायची आणि तीही भिंतीलाच सांगायची, "पाणी ठेवलंय."

आणि रविवार आला तशी ती चर्चमधून परस्पर दुर्गला गेली, डबा घेऊन, तुरुंगात मनबोधला भेटायला. तो रविवार झाला आणि पुढचाही. मी ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सरळ जाऊन बोलले. "कावून बाई? तुमीच त्याले जेलात घातलं अन् तुमीच डबा नेऊन राहिल्या? मंग घातलं कायले?"

"मी नाही घातलं. मी दिसलं ते सांगितलं."

"मंग डबा कायचा?"

"भाकरीचा."

"मस्करी नका करू. दया करायची होती तं तवाच करायची. डोळे मिटून घ्यायचे."

ती परातीत बाजरीचं पीठ मळत होती. बाजरी तिला नगरहून यायची, तिथं कुठली मिळायला. "डोळे मिटले तर झोप येते गं," ती म्हणाली. "दया कशी येईल?"

"मंग दया म्हंजे काय व्हय, थे तरी सांगा. रोज सकाळी मांगता."

"मला तरी कुठं माहीत," ती म्हणाली. "आमच्यात तुरुंगातल्या माणसाला भेटायला जायला सांगितलंय, एवढं माहीत आहे. का ते कळलं की तुला सांगते."

हे आतून भाऊजींनी ऐकलं आणि पहिल्यांदा भिंतीला सोडून तिला बोलले. "दया करायची तर तुझ्या पायावर कर. पाय माझा गेलाय."

तिचे हात थांबले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हे मात्र ते खरं बोलले." मी म्हटलं, मग आता जाणार नाही का? "जाणार ना. पीठ मळून झालंय."

तुरुंगाच्या दारात रविवारी सुकवारोही यायची. पहिल्या एक-दोन वेळा दोघी रांगेत लांब लांब उभ्या राहिल्या. मग एकदा सुकवारोच जवळ आली आणि डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वो तो भात खवइया ए दीदी. रोटी ला कइसे लीलही?" म्हणजे पोरगा भात खाणारा, त्याला ही भाकरी गिळणार कशी? तो बिचारा नगरवालीच्या धाकानं सगळी खायचा आणि पोट धरून बसायचा. नगरवाली घरी आली ती तणतणत. "भात पाहिजे म्हणे! टेम्पोत भात सांडतो. आणि मीठ कमी असतं म्हणे. तुरुंगात आहे का सासुरवाडीला आलाय?" पुढच्या रविवारी तिनं भात नेला. मीठ कमीच असणार. सुकवारोची टोपली ब्लॉकमध्ये परत दिसायला लागली ती त्यानंतर.

मनबोध सुटला आणि थोड्या दिवसांनी नगरवालीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना. उन्हाळा लागला होता. भाऊजी कुबडी टेकून ओट्यावर बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. नगरवाली घरात होती पण मुद्दाम बाहेर आली नाही, भिंतीअलीकडे माझ्या लक्षात आलं की आतली भांडी एकदम थांबली आहेत.

शेवटी भाऊजी म्हणाले, "अंदर आ. इधर धूप में मरेगा तो केस मेरे ऊपर आएगा."

तो आत आला आणि खाली बसला. त्यांची ती सायकल भिंतीला उभी होती. पुढचं चाक सरळ करून आणलेलं, पण वापरणार कोण? भाऊजींना कारखान्यात क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसकं काम दिलं होतं, त्यांना सहकारी स्कूटरवर नेत. घंटी गंजली होती. त्यांनी कुबडीनं सायकलीकडे दाखवलं. "ले जा. मेरे किस काम की." मनबोध मान हलवायला लागला, नहीं बाबूजी, नहीं. भाऊजी चिडले. "ले जा बोला ना. खाली एक बात. उलटे बाजू से मत चलाना."

आत काहीतरी पडलं. बहुतेक ताट.

मनबोध सायकल हातात धरून फाटकापर्यंत गेला. चालवत नेली नाही. जाताना त्याच्या आईसारखंच म्हणाला, दया-मया राखे रहिबे. भाऊजींनी आत ओरडून सांगितलं, "अगं ए, त्याला काहीतरी दे. रिकामा चाललाय." भिंतीला सांगितलं नाही, तिला सांगितलं.

पुढे वर्षं गेली तशी गेली. भाऊजी रिटायर झाले, क्वार्टर सोडायचं आलं. लेक नगरला होती, तिकडेच जायचं ठरलं. सामान आधीच पार्सल झालं होतं. त्या सकाळी रिकाम्या घरात नगरवालीचा आवाज घुमत होता, ती प्रार्थना करत होती की भांडत होती ते मला ओळखू आलं नाही. सुकवारो निरोपाला आली होती, मूठभर नाही, टोपलीभर लाल भाजी घेऊन. गाडीत कुठं शिजवायची ती? नगरवालीनं तिला यथेच्छ बोलून घेतलं आणि भाजी रिक्षात ठेवली.

रिक्षा फाटकाशी उभी होती. भाऊजी आधी बसले, कुबडी आडवी घेऊन. मी नगरवालीला म्हटलं, "बाई, मले सांगतो म्हनलं होतं. दया म्हंजे काय थे."

"अजून नाही कळलं," ती म्हणाली. "तुला कळलं तर पत्र टाक."

"मले काय कळते. चौथी शिकली मी."

"मग राहू दे."

ती रिक्षात चढायला लागली. आणि माझ्या तोंडून निघालं, काय म्हणून निघालं ते माहीत नाही, सुकवारो शेजारीच उभी होती म्हणून असेल, "दया-मया राखे रहिबे, बाई."

नगरवाली थांबली. मला त्याचा अर्थ माहीत आहे हे तिला माहीत होतं. मीच तिला शिकवलेला. तिनं इकडेतिकडे बघितलं. घर रिकामं, कुलूप लागलेलं, सामान गेलेलं. मग तिनं पिशवीतून प्रवासाचा डबा काढला, रस्त्यातच उघडला आणि एक बाजरीची भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. मी हात पुढे केला होता. माझ्या बापानं ते बघितलं असतं तर काय म्हणाला असता, ते त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मी वाट बघत होते की आता ती बोलेल. दया नाही गं, भाकरी आहे. किंवा रोज मागतेस, काल दिलं ते कुठं गेलं. काहीतरी बोलेलच. सगळ्यांना बोलायची, मला बोलणारच.

ती काही बोलली नाही. डब्याचं झाकण लावलं आणि रिक्षात बसली. इतक्या वर्षांत देताना ती गप्प राहिल्याचं मी तेव्हाच बघितलं.

ती गेल्यावर एक पत्र आलं, पोहोचल्याचं. नंतर ती वारल्याचं तिच्या लेकीनं कळवलं. मी काही फार रडले नाही. पण ती गप्प का राहिली, यावर मी अजून विचार करते. तो निरोप होता, का ती दया होती, का प्रवासाची घाई होती? विचारायचं कोणाला?

भाकरी मी फाटकाशी उभ्यानंच खाल्ली. सुकवारोला अर्धी दिली. मीठ कमी होतं.